गुंज: वेलीची ओळख, वर्गीकरण आणि बियांची विषबाधा

लाल चुटूक बी आणि तिच्या एका टोकाला काळा ठिपका. गुंज म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एवढेच येते. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी त्या गोळा करून काड्यापेटीत जपून ठेवलेल्या असतात. ती कोणत्या झाडावर येते, तो वेल आहे की वृक्ष, त्याचे पान कसे असते, हे विचारले तर मात्र मोजकेच लोक सांगू शकतात. एरवी याने काही बिघडत नाही. पण घरातल्या मुलाने लाल बी गिळली आणि तुम्ही त्याला घेऊन दवाखान्यात आलात की डॉक्टरांचा पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्राचाच असतो: "बी नेमकी कसली होती?"

एकदा एक आई घाबरीघुबरी होऊन आली. मुलीने "गुंज" गिळली होती. रुमालात बांधून आणलेल्या उरलेल्या बिया पाहिल्या, तर त्या पूर्ण लाल, चपट्या, गुळगुळीत होत्या आणि काळा ठिपका कशालाच नव्हता. ती रतनगुंज निघाली. नाव तेच, पण झाड वेगळे आणि धोकाही वेगळा. त्या रुमालाने आमचे निम्मे काम केले. म्हणून या लेखात विषबाधेपेक्षा वेलीची ओळखच जास्त सविस्तर दिली आहे.

गुंज म्हणजे कोणती वनस्पती?

गुंजेचे शास्त्रीय नाव ॲब्रस प्रेकॅटोरियस. संस्कृतात गुंजा, रक्तिका, काकणंती, हिंदीत घुंघची किंवा रत्ती, गुजरातीत चणोठी, कन्नडमध्ये गुलगंजी. ही बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षे जगणारी रानवेल आहे. सह्याद्रीच्या उतारावरची पानझडी राने, कोकणातल्या वई, शेताचे बांध, झुडपांची गर्दी अशा ठिकाणी ती आपोआप उगवते. तिची लागवड क्वचितच कोणी करते.

खोड बारीक असते, पण जुने झाले की बुंध्याशी लाकडासारखे टणक होते. या वेलीला काकडी-दोडक्यासारखे ताणे नसतात. ती स्वतःच आधाराभोवती पीळ घेत चढते आणि सहज तीन ते सहा मीटर वर जाते. मुळे खोल जातात. वरचा वेल कापला किंवा वणव्यात जळला तरी पावसाळ्यात बुडातून नवे कोंब फुटतात, म्हणून कुंपणावरून ओरबाडून टाकलेली गुंज पुढच्या वर्षी पुन्हा हजर असते. उष्ण प्रदेशांत ती जगभर पसरली आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तर ती बाहेरून आलेली त्रासदायक वेल मानली जाते.

पान, फूल आणि शेंग

ओळख पानापासून सुरू करा, कारण बिया नसतानाही पाने दिसतात. गुंजेचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर दोन्ही बाजूंना छोट्या पर्णिका पिसासारख्या लागलेल्या. ते पाहून चिंचेची आठवण येते. पर्णिकांच्या साधारण ८ ते २० जोड्या असतात. महत्त्वाची खूण टोकाला आहे: तिथे एकटी पर्णिका नसते. देठ जोडीवरच संपतो. अशा पानाला समदली म्हणतात. ही खूण पुढे ज्येष्ठमधाच्या बाबतीत कामाला येणार आहे, ती लक्षात ठेवा. रात्री या पर्णिका खाली झुकून मिटतात.

फुले पावसाळ्याच्या अखेरीस येतात. फिकट गुलाबी-जांभळी, लहान, तुऱ्यात दाटीने लागलेली. आकार वाटाण्याच्या किंवा तुरीच्या फुलासारखा, पतंगरूप: एक मोठी पाकळी ध्वजासारखी उभी, दोन बाजूंना पंख आणि खाली होडीसारख्या जुळलेल्या दोन. तुरीच्या फुलात दहा पुंकेसर असतात, गुंजेच्या फुलात नऊच. दहावा नसतोच. भिंगाशिवाय हे मोजणे कठीण आहे आणि घरी कोणी मोजावे अशी अपेक्षाही नाही. पण वर्गीकरण करणाऱ्यांना या एका उणिवेने फार मोठा आधार दिला.

शेंग दोन ते पाच सेंटिमीटर लांब, जाडसर, टोकाला चोचीसारखी वळलेली. आत तीन ते सहा बिया. शेंगांचे झुपकेच्या झुपके लागतात. हिवाळ्यात त्या वाळतात, उकलतात आणि साली मागे वळतात. मात्र बिया लगेच खाली पडत नाहीत. उघड्या शेंगेला चिकटून त्या कित्येक आठवडे तशाच चमकत राहतात. मुलांचे लक्ष जाते ते याच दिवसांत.

बी पाच ते आठ मिलिमीटरची, अंडाकृती आणि काचेसारखी चकचकीत. काळा ठिपका कुठेही नसतो, बी जिथे शेंगेला जोडलेली असते त्या जागेभोवती, म्हणजे नाभीभोवती असतो. लालऐवजी पांढऱ्या आणि क्वचित काळ्या बिया येणारे वेलही असतात. पांढरी गुंज "औषधी आणि निरुपद्रवी", लाल तेवढी विषारी, असा समज ऐकू येतो. तो चुकीचा आहे. जात एकच आहे आणि विषही तेच.

नाव आणि वर्गीकरण

लिनिअसने १७५३ साली या वेलीला ग्लायसिन ॲब्रस असे नाव दिले होते. ग्लायसिन हे प्रजातीचे नाव आज सोयाबीनकडे आहे आणि त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतला "गोड" या अर्थाचा शब्द आहे. पुढे १७६७ साली त्यानेच आजचे नाव रूढ केले. ॲब्रस हा शब्द नाजूकपणाच्या अर्थाने आलेला, बहुधा पानांवरून. प्रेकॅटोरियस म्हणजे प्रार्थनेशी संबंधित, कारण या बियांच्या जपमाळा होत. नावातच दोन इशारे आहेत, चव गोड आणि बी माळेत. विषबाधेच्या घटना पाहिल्या तर त्यांतल्या कित्येक या दोन वाटांनीच घडतात.

वर्गीकरणाची उतरंड अशी: कुल फॅबेसी, म्हणजे शेंगावर्गीय, उपकुल पॅपिलिओनॉइडी, म्हणजे पतंगरूप फुलांचे, त्याखाली ॲब्री नावाचा एक छोटा गट आणि त्या गटात ॲब्रस ही एकच प्रजाती. एकाच प्रजातीसाठी वेगळा गट करण्यामागे तोच दहावा पुंकेसर नसणे आणि समदली पान ही कारणे आहेत. प्रजातीत सुमारे सतरा जाती मोडतात, त्यांतल्या बऱ्याचशा आफ्रिका आणि मादागास्करच्या. १९७० साली व्हर्डकोर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने गुंजेचे दोन उपजातींत विभाजन केले. आपल्याकडची आशियाई गुंज एक आणि शेंगेवर चामखिळीसारखे उंचवटे असलेली आफ्रिकी गुंज दुसरी. वैद्यकीय दृष्टीने दोन्हींमध्ये फरक करण्याचे कारण नाही.

डीएनएच्या अभ्यासाने गुंजेचे नातेसंबंध अधिक स्पष्ट झाले. ज्या मोठ्या शाखेत तूर, मूग, चवळी, सोयाबीन आणि करंज येतात, त्याच शाखेत गुंज बसते. म्हणजे ही विषारी वेल आपल्या रोजच्या वरणाची लांबची नातलग आहे. यावरून एक गोष्ट समजून घ्या: वर्गीकरणातले नाते वनस्पती ओळखायला उपयोगी पडते, ती खायला सुरक्षित आहे की नाही ते ठरवायला नाही. याचे उलटे उदाहरणही आहे. गुंजेतल्या ॲब्रिन या विषाशी सर्वांत जास्त साम्य असलेले विष, रायसिन, एरंडाच्या बीत असते आणि एरंड शेंगावर्गीय मुळीच नाही. तो वेगळ्याच कुलातला आहे.

रतनगुंज: नावात गुंज, पण वृक्ष

रतनगुंज किंवा थोरली गुंज, शास्त्रीय नाव ॲडेनॅन्थेरा पॅव्होनिना, हा मोठा वृक्ष आहे. बागांत, रस्त्याकडेला तो लावलेला दिसतो. त्याची शेंग लांब असते आणि वाळली की पीळ पडून उलगडते. बी गुंजेपेक्षा मोठी, भिंगासारखी दोन्ही बाजूंनी फुगीर आणि संपूर्ण लाल. जुन्या वर्गीकरणात हे झाड बाभूळ-लाजाळूच्या मिमोसॉइडी उपकुलात होते. २०१७ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून शेंगावर्गीयांची सहा उपकुलांत नव्याने मांडणी केली. त्यात मिमोसॉइडी हे वेगळे उपकुल उरले नाही, ते सिसॅल्पिनिऑइडीत विलीन झाले. म्हणजे रतनगुंज आणि गुंज यांचे उपकुलही एक नाही.

रतनगुंजेत ॲब्रिन नसते. कच्च्या बिया खाल्ल्यास पोट बिघडू शकते, लहान मुलाच्या घशात अडकू शकतात, त्यामुळे "ती काय, चालते" असे म्हणू नका. पण गुंजेइतकी गंभीर बाब ती नाही. घाईत पाहायची खूण एकच, काळा ठिपका. ठिपका आहे तर गुंज समजून वागायचे. ठिपका नाही तर शंका ठेवायची, कारण गुंजेची पूर्ण पांढरी किंवा काळी बी असू शकते, आणि बी डॉक्टरांना दाखवायची.

ज्येष्ठमध आणि गुंजेचा पाला

गुंजेची पाने चघळली की गोड लागतात. त्यांत ॲब्रसोसाइड नावाची द्रव्ये असतात, ती साखरेपेक्षा कित्येक पटींनी गोड आहेत. विड्यात गुंजेचा पाला घालण्याची आपल्याकडची पद्धत यातूनच आली. घसा बसला की गवई मंडळी हाच पाला चघळतात. काही जण त्याला "ज्येष्ठमधाची पाने" म्हणून विकतात आणि घेणारेही त्याच नावाने घेतात.

खरे ज्येष्ठमध, ग्लायसिऱ्हायझा ग्लाब्रा, आपल्या रानात उगवत नाही. बाजारातला माल बहुतांशी अफगाणिस्तान, इराण, मध्य आशिया या बाजूने येतो आणि वापरतात ते मूळ, पाने नव्हेत. तेही शेंगावर्गीय, पतंगरूप फुलांचेच, पण हरभरा-वाटाण्याच्या शाखेतले. त्याच्या पानाच्या टोकाला एकटी पर्णिका असते, म्हणजे पान विषमदली. गुंजेचे समदली. कुंपणावरची गोड पानांची वेल दिसली आणि पानाचा शेवट जोडीने झाला असेल, तर ते ज्येष्ठमध नाही, गुंज आहे.

गुंजेचे मूळही ज्येष्ठमधाच्या जागी खपवले गेल्याचे जुने उल्लेख आहेत. विष प्रामुख्याने बीत असते. तुम्ही कधीमधी विड्यात दोन पाने खाल्लीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र घरी पाला तोडताना त्यात कोवळी शेंग येणार नाही, हे डोळ्यांनी पाहा. कोवळी शेंग हिरवी असते आणि पाल्यात सहज मिसळते.

बी विषारी का, आणि तरीही काही जण वाचतात कसे?

ॲब्रिन हे एक प्रथिन आहे. त्याचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करेला चिकटून आत शिरण्याची वाट करतो. दुसरा भाग आत गेल्यावर रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रथिने बनवण्याचा कारखाना, कायमचा बंद पाडतो. एक रेणू बंद पाडून थांबत नाही, पुढच्याकडे वळतो. त्यामुळे अगदी थोड्या मात्रेतही हे विष घातक ठरते. १८८२ साली पॅरिसमधले नेत्रवैद्य दे वेकर यांनी खुपऱ्यांवर उपचार म्हणून गुंजेचे पाणी डोळ्यात घालण्याची पद्धत आणली होती. त्याने डोळ्यांना इतका भयंकर दाह होई की ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. हा दाह जंतूंमुळे होत नाही, बीतल्या विषानेच होतो, हे १८८४ साली कोलकात्यात वॉर्डन आणि वॉडेल यांनी दाखवले. १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांनी उंदरांना हेच विष अत्यल्प मात्रेत देऊन शरीर त्याविरुद्ध प्रतिकार कसा उभारते, ते अभ्यासले. आजच्या प्रतिकारशक्तिशास्त्राच्या पायाभरणीत या आपल्या कुंपणावरच्या बीचाही वाटा आहे.

मग गुंज गिळूनही पुष्कळ मुलांना काहीच का होत नाही? उत्तर बीच्या सालीत आहे. शेंगावर्गीय रानवनस्पतींच्या बियांची साल अनेकदा इतकी टणक असते की पाणीही आत शिरत नाही. बी जमिनीत बराच काळ टिकावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. अखंड, पिकलेली गुंज गिळली तर ती बहुधा पोटातून तशीच बाहेर पडते. धोका वाढतो तो साल फुटल्यावर. मुलाने बी चावली, कुटली गेली, किंवा माळेसाठी तिला भोक पाडलेले होते, तर विषाला वाट मिळते. २०११ साली ब्रिटनमध्ये गुंजेच्या मण्यांची ब्रेसलेट बाजारातून परत मागवली गेली ती याच भीतीने. आणि कोवळ्या शेंगेतल्या बीची साल मऊच असते. हिरव्या शेंगा खेळता खेळता तोंडात जाणे म्हणूनच अधिक चिंतेचे. पालक बहुधा लाल बियांनाच घाबरतात, त्यांना हे सांगावे लागते.

बी पोटात गेली तर

मुलाच्या तोंडात उरलेल्या बिया, तुकडे बोटाने काढा आणि चूळ भरायला लावा. उलटी करवू नका. मिठाचे पाणी, तूप, दूध असले काही पाजू नका. मूल हसत-खेळत असले तरी रुग्णालयात न्या, गरज वाटल्यास १०८ला फोन करा. जाताना उरलेल्या बिया, शेंग, पानाची डहाळी बरोबर घ्या किंवा फोटो काढा. किती बिया होत्या, चावल्या का, भोक पाडलेल्या होत्या का, शेंग हिरवी होती का आणि किती वाजता हे घडले, एवढे सांगितलेत तर उपचाराची दिशा लवकर ठरते.

लक्षणे लगेच दिसतीलच असे नाही. काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतात. उलट्या, पोटात पिळवटून येणे, जुलाब, कधी रक्त पडणे, मग शरीरातले पाणी कमी होऊन रक्तदाब उतरणे. गंभीर प्रसंगी झटके येतात, यकृत आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. चांगल्या चावलेल्या एक-दोन बियाही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. ॲब्रिनवर उतारा नाही. लवकर आलेल्या रुग्णाला सक्रिय कोळसा देता येतो, सलाइन आणि क्षारांची भरपाई, रक्ततपासण्या, निरीक्षण असे उपचार चालतात. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा सल्ला डॉक्टर कोणत्याही वेळी घेऊ शकतात. वेळेत आधार मिळालेले रुग्ण बरे होतात, आणि पहिला दिवस शांत गेला म्हणून स्वतःहून घरी निघून जाणारे आम्हाला जास्त काळजीत टाकतात.

कुटलेली बी डोळ्यात गेली तर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि नेत्रतज्ज्ञ गाठा.

औषधात गुंज असते ना?

असते. आयुर्वेदात गुंजेची गणना उपविषांत आहे आणि शोधन केल्याशिवाय ती वापरायची नाही, असा दंडक आहे. गाईच्या दुधात किंवा कांजीत ठरावीक काळ शिजवणे हे त्यातले मुख्य काम. ॲब्रिन प्रथिन असल्याने उष्णतेने निकामी होते, म्हणजे या दंडकामागचे कारण आजच्या भाषेतही सांगता येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या परिशिष्टात गुंजेचे बी विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि ते असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. हे काम प्रशिक्षित वैद्यांचे आणि तपासणी होणाऱ्या औषधशाळांचे. घरच्या पातेल्यात बी आतपर्यंत शिजली की नाही, हे कळण्याचा कोणताच मार्ग तुमच्याजवळ नसतो.

चाई पडलेल्या डोक्याला बी उगाळून लावणे, "दिवस थांबवण्यासाठी" बी खाणे, हे उपाय आजही सांगितले जातात. पहिल्यात कातडी भाजल्यासारखी होते आणि तोच हात डोळ्याला लागतो. दुसऱ्यात स्त्रीचा जीव जाऊ शकतो. कोणी सुचवले असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

घराजवळ वेल असेल तर

आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. सोनाराच्या तराजूतून गुंज गेली, तरी "तोळामासा प्रकृती" हा शब्द आपल्या बोलण्यात तिची आठवण ठेवून आहे. जुन्या पेटीत, आजीच्या बटव्यात, देव्हाऱ्याच्या खणात अशा वजनाच्या गुंजा अजून सापडतात. रांगते मूल घरात येणार असेल तर त्या आधी बाजूला काढा. गुंजेच्या माळा, बाहुलीला डोळे म्हणून चिकटवलेल्या गुंजा, शोभेच्या फुलदाणीतल्या वाळक्या डहाळ्या हेही पाहा.

अंगणात किंवा शाळेच्या कुंपणावर वेल असेल तर शेंगा हिरव्या असतानाच हातमोजे घालून तोडा आणि मुलांना तेव्हा तिथे येऊ देऊ नका. वेल नुसती कापून उपयोग नाही, बुंधा मुळासकट खणावा लागतो. आधी शेंगा उकललेल्या असतील तर खाली पडलेल्या बिया वेचून घ्या. त्यांची साल टणक असल्याने पुढची काही वर्षे पावसाळ्यात त्या जागी नवी रोपे दिसतील. पानाच्या टोकाला पर्णिकांची जोडी दिसली की ती उपटायची.